खुर्चीतल्या माणसाशी बोलायचं

गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणायचे. कारण सरळ होतं. तिचा नवरा सलूनवाला, आणि त्याच्या खुर्चीत मान वाकवून बसलेला प्रत्येक जण त्याचा दोस्त. दोस्ताची बायको ती वहिनी. पाव आणायला निघाली तरी दोघं-तिघं हाक मारायचे, "काय वहिनी, दादा आज उघडणार का दुकान?" आपणही तिला वहिनीच म्हणू या. हॉस्पिटलात मात्र तिचं हे नाव गेलं, आणि तिच्याच तोंडानं गेलं.

त्याचं असं झालं. नवऱ्याला व्हीलचेअरमध्ये घालून ती वॉर्डाच्या दाराशी पोचली तेव्हा तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. सकाळी लाँड्रीत उभ्यानं इस्त्री, मग घरी येऊन त्याला गाडीत चढवणं, मग केसपेपरची रांग, आणि एवढं करून लिफ्ट बंद. दारात एक आया फरशी पुसत होती. तिनं मान वर करून खुर्चीतल्या त्या पिकल्या, वाळल्या माणसाकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "वडील ना तुमचे? खिडकीजवळची खाट रिकामी आहे, तिकडे घ्या त्यांना."

वहिनी म्हणाली, "हो."

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? एवढं असं, की कितीतरी वर्षं ती बाई हाच प्रश्न परतवत आली होती. "वडील नाहीत, नवरा आहे माझा," असं म्हटलं की समोरच्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. आधी "अगंबाई!" मग त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचं, मग तिला. मग डोळ्यांत संशय, की ही म्हाताऱ्याच्या पैशावर डोळा ठेवून बसलेली दिसते. पैसा! दोन खुर्च्या आणि एक तडकलेला आरसा, यात कसला आलाय पैसा? तरी ती बिचारी समजावत बसायची, की अहो, हे जेमतेम त्रेचाळीसचे आहेत, त्यांना असा असा आजार आहे. एका शब्दाच्या उत्तरामागे सगळं पुराण लागायचं. त्या दिवशी तिच्या अंगात पुराणाची ताकद नव्हती.

नवऱ्यानं ते "हो" ऐकलं. मान खाली घालून तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

आजार म्हणजे माणसाला वेळेआधी म्हातारा करणारा. वयात येईपर्यंत सगळं ठीक चालतं, आणि मग शरीराला कसली तरी घाई सुटते. लग्नात त्याच्या कानशिलांवर थोडे पांढरे केस होते. वहिनीला ते आवडलेही होते, रुबाबदार वाटले होते. तिशी गाठेपर्यंत डोकं पांढरंफटक झालं, मग टक्कल पडलं. गिऱ्हाइकं खेचायची, "स्वतःचं पीक बुडालं आणि दुसऱ्याचं कापायला बसलाय!" तोही हसायचा, बारीक चिरक्या आवाजात. तो आवाजही आजाराचाच. मग मोतीबिंदू झाले, मग रक्तात साखर आली, हातापायांच्या काटक्या झाल्या. मूलबाळ झालं नाही. एका दवाखान्यात नव्या सिस्टरला कागदावरचं त्रेचाळीस चुकीचं वाटलं, म्हणून ती विचारायला आली. हा म्हणतो कसा, "त्र्याहत्तर करून टाका हो, बसमध्ये बसायला तरी मिळेल."

आणि मग टाच. या आजारात पायाची कातडी ताणून बसवल्यासारखी घट्ट होते आणि तिच्याखाली मांस म्हणून उरत नाही. न्हाव्याचं काम उभ्याचं. आधी टाचेला घट्टा पडला, घट्ट्याला भेग गेली, भेगेचा खड्डा झाला, आणि तो खड्डा काही केल्या भरेना. मलमं झाली, पट्ट्या झाल्या. मग दुसऱ्या एका हॉस्पिटलात दोनदा मांडीची कातडी काढून त्यावर लावली. दोन्ही वेळा ती काळी पडून सुटून आली. वर मांडीवरच्या जखमा भरायलाही वर्ष गेलं, ते वेगळंच. टाचेचं दुखणं निस्तरायला गेले आणि मांडीचं घेऊन आले, असं झालं ते.

या माणसाची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तो खुर्चीतल्या माणसाशी बोलायचा. समोर कुणीतरी मान टेकून बसलंय, आपल्या हातात कात्री आहे, दोघांची तोंडं एकीकडे आहेत, असं जमलं की त्याचं तोंड सुटायचं, मग मनातलं सगळं बाहेर. घरी आला की मुका. काय झालं? काही नाही. दुखतंय का? नाही. त्याच्या डोळ्यांपुढे धुकं येतंय हे वहिनीला पहिल्यांदा कळलं ते एका गिऱ्हाइकाकडून. टाच चिघळलीय हेही असंच, पाव घेताना. "वहिनी, दादांचा पाय दाखवलात का कुणाला?" तिनं घरी येऊन मोजा काढायला लावला, तर मोज्याबरोबर कातडीही आली. त्या दिवशी ती त्याच्यावर इतकी ओरडली, की शेजारीण धावत आली. "सगळ्या जगाला सांगतोस, मी काय मेले होते?" एरवी अहो-जाहो करणारी बाई, पण त्या दिवशी अरे-तुरेवर आली.

तर आता हे तिसरं ऑपरेशन. इथल्या सर्जनबाई उंच, कमी बोलणाऱ्या. हा आजार त्यांनी पूर्वी थोड्या लोकांत पाहिला होता. म्हणाल्या, "मांडीची कातडी घेतली तिथेच गडबड झाली. या आजारात हातापायांची कातडी फार थकलेली असते. पोटाची त्या मानानं बरी असते, या वेळी ती घेऊ. आधी जखम खरवडून जिवंत मांसापर्यंत जायचं. आत चुन्यासारखे खडे साठलेत, ते काढायचे. वर कृत्रिम थर बसवायचा, तो आतून भरून आला की मग त्यावर पोटाची पातळ कातडी. वेळ लागेल. आणि मी खात्री देत नाही. हेही गेलं तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. काहींना तर तेच आधी बरं वाटतं, सुटका होते. तुम्ही काय म्हणता?"

वहिनी लगेच म्हणाली, "करा." तो छताच्या पंख्याकडे बघत होता. बाईंनी त्यालाही विचारलं, तर म्हणाला, "तिला विचारा." पाय गेला तर सलून गेलं, सलून गेलं तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडणार, हे वहिनीला लख्ख दिसत होतं. त्याला स्वतःला काय हवंय, ते मात्र तिला कळेना.

पहिला भाग झाला. टाचेवर तो थर बसवला, वरून चिकटपट्टी, तिला नळी, आणि नळीच्या टोकाला जखमेतलं पाणी ओढून घेणारं एक मशीन. ते खाटेखाली रात्रंदिवस गुरगुरत असायचं. पाय उशांवर उंच. खाली टेकवायचा नाही, म्हणजे नाही. मग आठवडे गेले, पोटाची कातडी काढून लावली, वर जाड बोळ्याची पट्टी बांधली आणि सगळे वाट बघत बसले.

शेजारच्या खाटेवर एक बेकरीवाला होता. पन्नाशी उलटलेला, आडवातिडवा, भट्टीत उजवा हात भाजून आलेला. हाताला बँडेजचा हा एवढा गठ्ठा. सल्ले द्यायची भारी हौस. वयानं तो आपल्या सलूनवाल्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा, पण पहिल्याच दिवसापासून त्याला "काका, काका" करायला लागला. आणि वहिनीला "पोरी". "पोरी, काकांना आज ताप नव्हता हो." "पोरी, जेवलीस का?" माणूस वाईट नव्हता. पण दर "पोरी"ला वहिनी खाली बघून उशीचा अभ्रा नीट करायला लागायची. आता हे बदलायचं कसं? एकदा हो म्हणून बसल्यावर "अहो, खरं म्हणजे" म्हणून सुरू करायचं, तर लोक काय म्हणतील? दिवस जात गेले तसं ते आणखीच अवघड झालं. सर्जनबाईंना खरं ठाऊक होतं, मोठ्या सिस्टरला ठाऊक होतं, पण त्या काही खाटाखाटांवर जाऊन कुणाचं वय सांगत फिरत नाहीत.

कमाल म्हणजे तोही तसाच वागायला लागला. तिला हाक मारायची वेळ आली की "बेटा" म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. तिला सांभाळून घ्यायला म्हणतोय की टोमणा मारतोय, तेही कळेना. आणि ती? पूर्वी दर वाक्याला "अहो" म्हणायची, तो शब्दच तिनं टाकून दिला. "पाणी हवंय?" "उशी सरकवू?" असं बिननावाचं बोलायला लागली. घरी परतताना रोज ठरवायची, उद्या बोलू. आणि रोज अंथरुणावर पडल्या पडल्या मेल्यासारखी झोपायची.

पट्टी उघडायच्या आदल्या दिवशी लाँड्रीतला बॉयलर बिघडला आणि मालकानं सगळ्यांना दुपारीच सोडलं. वहिनी नेहमीपेक्षा लवकर वॉर्डात आली. खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. डॉक्टर असतील म्हणून ती बाहेरच थांबली. पण आतून आवाज आला, तो सलूनमधला.

"डोकं मागं. हां. गाल फुगवा."

फटीतून पाहिलं, तर बेकरीवाला स्टुलावर बसून खाटेला डोकं टेकवून होता, तोंडभर फेस. डाव्या हातानं धड दाढी होत नव्हती त्याची. आणि पाय उशांवर, पाठीला तीन उशा, अशा अवस्थेत आपला सलूनवाला वस्तरा चालवत होता. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा इतका मोकळा तिनं पाहिला नव्हता. ती हसणारच होती.

"काका, एक विचारू?" बेकरीवाला म्हणाला. "जावई कधी दिसले नाहीत ते."

वस्तरा जरा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"जावई ना? कामाचा नाही माणूस."

"पितो?"

"पीत असता तर परवडलं असतं, सोडवता तरी आलं असतं. आजारी आहे हो. बरा न होणारा. माझी पोर दिवसभर इस्त्री करते आणि संध्याकाळी त्याचं करत बसते. त्याच्या जखमेला वास येतो. मला येतो, तर तिला येत नसेल? पण कधी नाक मुरडलं नाही पोरीनं. अजून चाळिशी नाही हो तिची. देखणी होती. म्हणजे, आहे."

"अरेरे. आणि तो काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? त्याच्या तोंडाला कुलूप. बरं, मूल नाही, बाळ नाही. लोक तिला भलतंसलतं विचारतात, ती उत्तरं देऊन देऊन दमली. इथे आलो त्या दिवशी बघितलं मी, उत्तर द्यायचंही सोडून दिलं तिनं. वाईट नाही वाटलं मला. म्हटलं, बरं झालं. एवढं तरी ओझं कमी झालं."

"मग सोडून द्यायला सांगा की! आजकाल कोण एवढं सोसतं?"

"सांगणारच आहे. उद्या माझी पट्टी उघडतील. नाही धरलं, तर बाईंना म्हणणार, काढा पाय, पुरे झालं आता. आणि पोरीला म्हणणार, तू जा तुझ्या भावाकडे. तुझ्या नवऱ्याचं मी बघतो. मान वळवा इकडे."

"तुमच्यासारखा बाप मिळायला नशीब लागतं, काका," बेकरीवाला गहिवरून म्हणाला.

वहिनी उलट्या पावली बाहेर आली आणि जिन्यात जाऊन बसली. आधी तिला राग आला, असा की कानशिलं तापली. सोडून जा म्हणे! बस आहे का ही, मधल्याच थांब्यावर उतरायला? पंधरा-सोळा वर्षं ज्या तोंडातून एक शब्द निघावा म्हणून ती डोकं फोडून घेत होती, ते तोंड त्या बेकरीवाल्यापुढे घडाघडा उघडलं होतं. मग राग ओसरला आणि रडू आलं. कारण सोडून जायचा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता, असं नाही. आला होता. खोटं कशाला बोला? ड्रेसिंग करता करता, बसमध्ये उभ्या उभ्या, कितीदा आला होता. तो तिनं कुणाला सांगितला नव्हता, तरीही यानं तो ओळखला होता. आणि ते एक "हो" त्यानं गेले कितीतरी दिवस मनात धरून ठेवलं होतं, त्याची तिला शरम वाटली. शेवटी आया झाडू घेऊन आली आणि म्हणाली, "उठा ताई, पायरी झाडायचीय." तेव्हा ती उठली. वॉर्डात गेली. "पाणी हवंय?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा घेतली. सर्जनबाई आल्या, सिस्टरनं ट्रे ठेवला. बाईंनी टाके कापले, बोळा ओला करून हळूहळू सोडवायला सुरुवात केली. तो पंख्याकडे बघत होता. वहिनी मात्र टाचेवरून नजर हलवत नव्हती. पूर्वी दोनदा तिनं हे पाहिलं होतं. दोन्ही वेळा बोळ्याबरोबर काळा पापुद्रा आला होता आणि वास.

या वेळी वास आला नाही. बोळा निघाला. खाली गुलाबी होतं. ओलसर, सुरकुतलेलं, पण गुलाबी. वरच्या कडेला, टाचेमागच्या शिरेपाशी, नखाएवढा तुकडा काळा होता. बाईंनी हातमोज्यातल्या बोटानं हलकेच दाबून पाहिलं.

"धरलंय," त्या म्हणाल्या. "कडेचं हे जाईल, तिथे पुन्हा थोडं करावं लागेल. चालायला इतक्यात नाही. आणि दुसऱ्या टाचेला आतापासून जपा, तीही याच वाटेवर आहे. पण हा पाय मी काढत नाही."

वहिनीनं खाटेचा दांडा घट्ट धरला. नवऱ्यानं एक लांब श्वास सोडला. पण तोंड? तोंड खिडकीकडे. बाई गेल्या, सिस्टर नवी पट्टी बांधून गेली, आणि हा गृहस्थ खिडकीबाहेरची पाण्याची टाकी बघतोय! पाय राहिला, म्हणजे ते भावाकडे जायचं बोलणं आता तो गिळून टाकणार. आणि मग घरी गेल्यावर रोज थोडं थोडं आतल्या आत चघळणार. वहिनी त्याला पुरती ओळखून होती.

तिनं त्याच्या पायावर स्वच्छ चादर घातली. बेकरीवाल्याच्या खाटेजवळचं स्टूल ओढून नवऱ्याच्या उशाशी घेतलं, त्यावर त्याच्याकडे पाठ करून बसली, आणि अंबाडा सोडला.

"अहो," ती म्हणाली, चांगली मोठ्यानं, "केस कापा माझे."

मुलगी बापाला काही "अहो" म्हणत नाही. बेकरीवाला बिस्कीट खात होता, त्याचं तोंड चालायचं थांबलं. पलीकडे आया पोछा धरून तशीच उभी राहिली.

"इथे?" मागून तो बारीक आवाज आला.

"इथेच. परक्याची दाढी होते, मग बायकोचे केस का नाही?"

तिनं कालचं सगळं ऐकलंय, हे त्याला कळलं असणार. मग त्याच्या वस्तऱ्या-कात्रीच्या पिशवीची चेन वाजली. मग केसांतून कंगवा फिरला, गुंता लागला तिथे थांबला, हळू सुटला. कात्रीचा आवाज सुरू झाला. आणि सवयच ती, हातात कात्री आली की प्रश्न तोंडात येणारच.

"काय मग? घरी कसं काय?"

"ठीक," वहिनी समोरच्या भिंतीशी बोलली. "नवऱ्याच्या टाचेचं ऑपरेशन झालंय. कातडी धरलीय."

"माणूस कसा आहे?"

"बोलत नाही. सगळ्या जगाशी बोलतो, माझ्याशी नाही."

"सोडून द्यावं असल्याला."

"ते मी ठरवणार. आणि त्याला सांगा, मला परस्पर भावाकडे पाठवायचं त्यानं ठरवायचं नाही." तिनं मांडीवर पडलेली बट झटकली. "त्या दिवशी दारात मी हो म्हणाले ना, ते लाजेनं नव्हतं हो. तुमची लाज मला कधीच वाटली नाही. मी दमले होते. फार दमले होते. अजून दमलेलीच आहे."

कात्री थांबली. तिच्या मानेवर त्याची बोटं टेकली होती.

"मीपण," तो म्हणाला. "मीपण फार दमलोय गं."

तासभर भाषण केलं असतं तरी तिला ते एवढं पुरलं नसतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून तशीच बसून राहिली आणि डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. थोड्या वेळानं कात्री पुन्हा चालू झाली. मागून तो काहीबाही बोलत होता. टाच रात्री ठणकते, ते. मशीनच्या गुरगुरीनं झोप येत नव्हती, ते. दुसऱ्या टाचेतही महिन्यापासून टोचतंय, तेही. ती हूं हूं करत होती. केस चादरीवर पडत होते, त्यांत दोन-चार पांढरे होते, आणि ते तिचे होते.

आया काही न बोलता पोछा ठेवून झाडू घेऊन आली. बेकरीवाल्यानं तोंडातलं बिस्कीट कसंबसं गिळलं. तो एकदा याच्याकडे बघायचा, एकदा तिच्याकडे. काल आपण काय काय बोललो, कुणाला बोललो, हे एकेक आठवून त्याचा चेहरा लाल झाला होता. काका म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी मान वाकडी करून त्यानं तिच्या पाठीमागून नीट पाहिलं आणि घसा साफ केला.

"वहिनी," तो म्हणाला, "डावीकडे जरा तिरके झालेत बरं का."